किड्यांचे पंचांग

जुलैचा मध्य. लेनिनग्राडमध्ये, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, सूर्य दिवसाचे अठरा तास क्षितिजाच्या वर असतो. हवेत ऊब असते, आंबट चुक्याच्या कुळातली झुडपे पाल्याने भरलेली असतात आणि त्या पाल्यावर ‘अ‍ॅक्रोनिक्टा रुमिसिस’ नावाच्या पतंगाच्या अळ्या पोसल्या जातात. अळी भरपूर खाते, कोष करते आणि तिथेच थांबते. काही आठवड्यांत बाहेर पडायला हवा तो पतंग पडतच नाही; पुढच्या वसंतापर्यंत कोष तसाच. याच वेळी लेनिनग्राडच्या दक्षिणेला सतरा अंशांवर, काळ्या समुद्राकाठच्या सुखुमी गावी, याच जातीच्या अळ्या कोष करतात, पतंग होतात, अंडी घालतात आणि नवी पिढी सुरू करतात. सुखुमीत त्या दिवशी उजेड असतो जेमतेम पंधरा तास. लेनिनग्राडच्या अळीला अठरा तासांचा दिवस ही हिवाळ्याची चाहूल वाटते, सुखुमीच्या अळीला पंधरा तासांचा दिवस म्हणजे ऐन उन्हाळा.

लेनिनग्राड विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ डॅनिलेव्हस्की यांनी ही गोष्ट प्रयोगशाळेत आणली. ठिकठिकाणच्या अळ्या त्यांनी एकाच तापमानात वाढवल्या आणि बदलला तो फक्त दिव्याखालचा वेळ. दिवस अमुक लांबीपेक्षा मोठा असला की कोष पुढे सरकतात, त्याहून लहान असला की झोपी जातात. हा उंबरठा सुखुमीच्या अळ्यांचा साडेचौदा ते पंधरा तासांच्या दरम्यान निघाला. बेल्गोरोदच्या अळ्यांचा साडेसोळाच्या पुढे, विटेब्स्कच्या अळ्यांचा अठराच्या आसपास आणि लेनिनग्राडच्यांचा त्याहूनही वर. उत्तरेकडे पाच अंश सरकले की उंबरठा साधारण दीड तासाने चढतो. सुखुमीच्या आणि लेनिनग्राडच्या पतंगांचा संकर केला, तर संततीचा उंबरठा दोहोंच्या मध्ये पडला. म्हणजे हा आकडा अळी परिस्थितीतून शिकत नाही. तो तिला वारशाने मिळतो. डॅनिलेव्हस्कींचे या विषयावरचे पुस्तक १९६१ साली निघाले, चार वर्षांनी इंग्रजीत आले, आणि पुढच्या पिढीतल्या संशोधकांच्या टेबलावर ते कायमचे राहिले.

इथे एक भेद आधीच स्पष्ट करायला हवा. थंडी पडली की किडा गारठतो आणि ऊब मिळाली की पुन्हा चालू लागतो. त्या थांबण्याला येथे सुप्तावस्था म्हटलेले नाही. सुप्तावस्था थंडीच्या आधी सुरू होते, अन्न मुबलक असताना सुरू होते, आणि एकदा सुरू झाली की मधेच चार दिवस ऊन पडले म्हणून मोडत नाही. शरीर आधी तयारी करते. चरबी साठते, श्वसन मंदावते, अमेरिकेतल्या सेक्रोपिया या मोठ्या रेशीम-पतंगाच्या कोषासारख्या काही कीटकांत रक्तामध्ये ग्लिसरॉल साठते, त्यामुळे शरीरातले पाणी सहज गोठत नाही. ही सगळी जुळवाजुळव हिमवर्षाव सुरू झाल्यावर करणे शक्य नाही. ती कित्येक आठवडे आधी करावी लागते, आणि म्हणून इशाराही कित्येक आठवडे आधीचा लागतो.

तापमान असा इशारा देऊ शकत नाही. ऑक्टोबरात एखादा उबदार आठवडा येतो, ऑगस्टमध्ये चार गार दिवस येतात. दिवसाच्या लांबीत मात्र अशी लहर नसते. ज्या पंचांगात तिथी-वार असतात त्याच पंचांगात रोजचे दिनमानही छापलेले असते, आणि ते पुढच्या वर्षाचे, त्याच्या पुढच्या वर्षाचेही आज काढून ठेवता येते. आपला शेतकरी पावसाची चिन्हे आभाळात पाहतो, पण मृग केव्हा लागतो हे सूर्यावरून ठरवतो. किड्याने यातला दुसरा भाग उचलला आहे आणि तो अधिक कडकपणे पाळला आहे. आठ तासांचा दिवस किड्याला काही इजा करत नाही, सोळा तासांचा दिवस त्याला काही खाऊ घालत नाही. दिनमान ही नुसती खूण आहे. तिच्या मागून काय येणार हे लाखो पिढ्यांच्या मरणातून निवडून उरलेल्या शरीराला ठाऊक आहे.

जीवशास्त्रज्ञांना ही खूण सापडली ती आधी वनस्पतींमध्ये. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांच्यापुढे ‘मेरीलँड मॅमथ’ नावाच्या तंबाखूचा पेच होता: झाड उन्हाळाभर उंच वाढत राही, पण फुलत नसे. त्यांनी कुंड्या रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात ठेवल्या आणि ऐन उन्हाळ्यात तंबाखू फुलवली. हा निबंध १९२० सालचा. तीनच वर्षांत टेनेसीतल्या मार्कोविच यांनी स्ट्रॉबेरीच्या मुळांवरच्या माव्यावर तोच प्रयोग केला. मावा उन्हाळाभर फक्त माद्यांचा असतो. त्या नराशिवाय थेट पिल्ले देत राहतात. शरद आला की नर आणि अंडी घालणाऱ्या माद्या जन्मतात, आणि हिवाळा काढतात ती अंडी. मार्कोविच यांनी माव्याला दिलेला उजेड कमी केला आणि शरदातली ही पिढी भर उन्हाळ्यात जन्माला घातली. प्राण्यांमध्ये दिनमानाचा असा परिणाम दाखवणारा हा पहिला प्रयोग. मान मिळाला तो मात्र तंबाखूला. माव्याला कोणी फारसे विचारले नाही.

जपानला विचारावेच लागले, कारण तिथे प्रश्न पैशाचा होता. रेशीमकिड्याच्या काही जाती वर्षाला दोन पिढ्या देतात. वसंतात उबलेल्या अंड्यांतून आलेले पतंग जी अंडी घालतात ती दीड-दोन आठवड्यांत फुटतात. त्या अंड्यांतून वाढलेल्या पतंगांची अंडी मात्र काळपट पडतात आणि पुढच्या वसंतापर्यंत फुटत नाहीत. रेशीम उत्पादकाला दोन्ही प्रकारची अंडी हवी असतात, पण आपल्याला हवी तेव्हा. १९३३ साली कोगुरे यांनी या गोंधळाची उकल छापली. अंडी उबवताना २५ अंश सेल्सिअसची ऊब आणि लांब उजेड मिळाला, तर त्यांतून निघालेल्या माद्या झोपणारी अंडी घालतात. १५ अंश आणि अंधार मिळाला, तर जागती अंडी घालतात. बहुतेक कीटकांच्या हे अगदी उलट आहे, आणि तरी हिशेब चोख बसतो: उन्हाळ्यातल्या मोठ्या दिवसांत उबलेल्या मादीची अंडी शरदात पडणार, म्हणून ती झोपलेलीच बरी.

यातली विस्मयाची बाब वेगळीच आहे. मादी स्वतः अंड्यात असते तेव्हा उजेड पाहते. मग ती अळी होते, चार वेळा कात टाकते, कोसला विणते, पतंग होते. आणि इतक्या स्थित्यंतरांनंतर, अंड्यात पाहिलेल्या त्या उजेडाप्रमाणे आपल्या अंड्यांचे भवितव्य ठरवते. निरोप पोहोचवणारे रसायन पुढे सापडले. फुकुदा आणि हासेगावा यांनी १९५१ मध्ये स्वतंत्रपणे दाखवले की मादीच्या अन्ननलिकेखालच्या चेतागुच्छातून एक संप्रेरक पाझरते आणि ते अंडाशयावर काम करते. १९९१ मध्ये त्याची रचना उलगडली: चोवीस अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. तोपर्यंत जपानचा रेशीम धंदा व्यवहारात पुष्कळ पुढे गेला होता. डोंगरांतल्या खडकांच्या फटींतून उन्हाळ्यातही गार वारा येतो अशा जागी अंड्यांची कोठारे बांधली होती, म्हणजे झोपलेली अंडी झोपलेलीच राहतील आणि हवी तेव्हा बाहेर काढता येतील. गुन्मा प्रांतातले अशापैकी अराफुने येथील कोठार २०१४ पासून तोमिओका रेशीम गिरणीबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे. झोपेची वाट न पाहता अंडी लवकर फोडायची तर ती हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवण्याची युक्तीही तिथलीच.

आता प्रश्न असा, की किडा उजेड पाहतो कशाने? डोळ्यांनी, हे उत्तर सोपे वाटते. पुष्कळ जातींत ते चूक आहे.

हार्वर्ड विद्यापीठातल्या कॅरोल विल्यम्स यांनी सेक्रोपियाच्या झोपलेल्या कोषांवर वर्षानुवर्षे काम केले. त्यांनी दाखवले की कोषाला कित्येक आठवडे गारव्यात ठेवले तरच तो जागा होतो, आणि गारव्याचा हा परिणाम होतो तो मेंदूवर. गारव्यातून काढलेल्या कोषाचा मेंदू गारवा न मिळालेल्या कोषात बसवला, तर तो दुसरा कोष जागा होतो. मेंदू एक संप्रेरक सोडतो, ते छातीतल्या ग्रंथींना चालना देते, ग्रंथी एक्डायसोन सोडतात, आणि पतंगाची घडण सुरू होते. मेंदू गप्प बसला की पुढचे सारेच थांबते. पुढे १९६४ साली विल्यम्स आणि टेक्सासचे पेरी अ‍ॅडकिसन यांनी चिनी ओक-टसरचे कोष घेतले. या कोषाच्या कवचाला मेंदूच्या बरोबर वर एक पारदर्शक खिडकी असते. एका फळीला भोके पाडून त्यांत कोष असे बसवले की डोके एका खोलीत आणि शेपटी दुसऱ्या खोलीत. डोक्याकडे मोठा दिवस दिला की कोष जागा होई. शेपटीकडे दिला तर काही होत नसे. मग मेंदू काढून शेपटीकडे, पारदर्शक आच्छादनाखाली बसवला. आता शेपटीकडचा उजेड चालू लागला. डोळ्यांचा संबंधच नव्हता. मेंदू स्वतःच उजेड पाहत होता. कीटकविज्ञानात सुबक प्रयोग पुष्कळ आहेत, पण इतक्या साध्या लाकडी फळीवर इतका मोठा प्रश्न मिटल्याचे दुसरे उदाहरण प्रस्तुत लेखकाला आठवत नाही.

हा पतंग आपल्याला अगदीच परका नाही. गडचिरोली-भंडाऱ्याच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर समाजातील कुटुंबे जो टसर किडा वाढवतात तो याच ‘अँथेरिया’ प्रजातीतला, चिनी ओक-टसरचा सख्खा भाऊबंद. त्याचेही बियाण्याचे कोष हिवाळा आणि उन्हाळा झोपून काढतात आणि पावसाच्या तोंडाशी फुटतात. मात्र तिथे टाळायचा असतो तो बर्फ नव्हे, तर पानगळ आणि कोरडा उन्हाळा.

झोपेचे रूप सगळीकडे कोषाचेच असते असेही नाही. रेशीमकिडा अंड्यात झोपतो, गुलाबी बोंडअळी अळीच्या रूपात, तर बटाट्यावरचा कोलोरॅडो भुंगेरा प्रौढावस्थेत जमिनीत शिरून. प्रौढांमध्ये बंद पडते ते बाल्य संप्रेरक, आणि त्याबरोबर अंडाशयाची वाढ. थंड प्रदेशातल्या ‘क्युलेक्स पिपिएन्स’ डासाची मादी शरदात रक्त सोडून फुलांच्या रसावर वळते, चरबी साठवते आणि तळघरात किंवा गुहेत जाऊन बसते. नर हिवाळा पाहतच नाहीत.

दिवस मोजला जातो असे इतका वेळ म्हटले, ते सोयीचे होते. खरी मोजणी बहुधा रात्रीची असते. इंग्लंडमध्ये ए. डी. लीस यांनी वाटाण्याच्या कुळातील वेलींवरच्या एका माव्यावर हे पक्के केले. त्यांनी दिवस लहान-मोठे केले, रात्र तीच ठेवली; मग दिवस तोच ठेवला, रात्र बदलली. या माव्याला महत्त्वाचे वाटे ते एवढेच, की सलग अंधार साडेनऊ तासांहून लांबला की नाही. लांबला, तर शरदातली पिढी. लांब रात्रीत योग्य वेळी थोडा वेळ दिवा लावला तर मोजणी मोडते आणि मावा उन्हाळा समजून चालतो. लीस यांनी अतिबारीक प्रकाशनळ्यांनी माव्याच्या अंगावर वेगवेगळ्या ठिकाणी उजेड पाडूनही पाहिला. परिणाम डोक्याच्या मध्यभागी सर्वांत जास्त होता.

मोजणीचे यंत्र कसले, यावर मात्र संशोधकांचे दोन तट पडले आणि वाद दशकानुदशके चालला. जर्मनीत एर्विन ब्युनिंग यांनी १९३६ सालीच मांडले होते की सजीवांत रोजचे जे घड्याळ चालू असते, तेच ऋतूही ओळखते: घड्याळाच्या एका विशिष्ट भागावर उजेड पडला तर दिवस मोठा, नाही पडला तर लहान. लीस यांचा मावा या कल्पनेत बसेना. तो वाळूच्या घड्याळासारखा वागे. अंधार झाला की वाळू पडू लागते, साडेनऊ तासांनी संपते, उजेडात घड्याळ पुन्हा उलटे केले जाते. एडिंबरा येथे डेव्हिड सॉन्डर्स यांनी मांसमाशीवर वेगळाच प्रयोग केला. बारा तास उजेड आणि मग अंधार, पण अंधार कधी बारा तास, कधी वीस, कधी तीस, कधी पन्नास. वाळूचे घड्याळ असते तर अंधार एका मर्यादेपुढे गेला की उत्तर एकच यायला हवे होते. मांसमाशीत तसे झाले नाही. सुप्तावस्थेचे प्रमाण दर चोवीस तासांच्या अंतराने वर गेले आणि खाली आले. अंधारातही आत काहीतरी फिरत होते. म्हणजे माव्याकडे वाळूचे घड्याळ आहे आणि मांसमाशीकडे फिरते? की माव्याचेही फिरतेच, पण इतके ओसरते की एका फेरीत थांबते? दोन्ही बाजूंनी चांगली माणसे होती आणि दोन्ही बाजूंचे आलेख खरे होते. रोजच्या घड्याळाची जनुके फळमाशीत उलगडली आणि त्या कामाला २०१७ चे नोबेल मिळाले. त्यांतलीच काही जनुके जपानी संशोधकांनी शेंगांवरच्या ढेकणात २०१० च्या सुमारास बंद पाडली, तेव्हा त्याची दिनमान ओळखण्याची शक्तीही गेली. पारडे ब्युनिंग यांच्या बाजूला झुकले आहे, पण माव्याने अजून पूर्ण हार मानलेली नाही.

एका लांब रात्रीवर निर्णय होत नाही, हेही सॉन्डर्स यांच्याच प्रयोगांतून पुढे आले. माशांच्या कोषांत अंडी घालणारी ‘नॅसोनिया’ ही इवलीशी गांधीलमाशी लांब रात्री मोजत जाते. ठरावीक संख्या भरेपर्यंत तिची संतती जागती. संख्या भरली की त्याच मादीची पुढची संतती झोपणारी. ढगाळ संध्याकाळ, झाडाखालचा काळोख, एखादी चुकीची रात्र यांनी हिशेब ढळत नाही. ऊब आणि गारवा या मोजणीवर परिणाम करतात, तो मांसमाशीसारख्या कीटकांत असा: थंडीत वाढ मंद होते, त्यामुळे निर्णयाच्या वयाआधी अळीला जास्त रात्री मिळतात आणि झोपेची शक्यता वाढते.

एक अडचण राहते आणि ती मोठी आहे. २१ मार्चचे दिनमान आणि २२ सप्टेंबरचे दिनमान जवळजवळ एकच. शरदात ‘झोप’ म्हणणारी खूण वसंतातही तीच दिसणार. मग वसंतात जागा झालेला किडा पुन्हा का झोपत नाही? याला निसर्गात एक उत्तर नाही, बरीच आहेत, आणि ती एकमेकांशी फारशी मिळत नाहीत. सेक्रोपियासारखे कीटक दिवसाला विचारतच नाहीत, गारव्याचे आठवडे मोजतात. मांसमाशीत आई आड येते: जी मादी स्वतः कोषात झोपून आली तिची संतती लहान दिवसांतही झोपत नाही. सगळ्यांत निराळा उपाय माव्याचा. हिवाळी अंड्यातून निघालेली मूळ मादी आणि तिच्या पुढच्या काही पिढ्या दिनमानाला बहिऱ्या असतात. लीस यांनी पाहिले की हा बहिरेपणा पिढ्यांच्या नव्हे, तर काळाच्या हिशेबाने, साधारण तीन महिन्यांनी संपतो. म्हणजे आजीचे घड्याळ नातीत चालू राहते. मादीच्या पोटात मुलगी आणि त्या मुलीच्या पोटात नातीचा गर्भ, अशी माव्याची रचना असल्याने हे शक्य असावे असे वाटते. पण वेळ नेमका कुठे साठवला जातो, हा प्रश्न सुटलेला नाही.

लेनिनग्राडच्या अळीकडे पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. तिचे पंचांग तिथल्या अक्षांशासाठी छापलेले आहे. ती अळी सुखुमीला नेली तर ती उन्हाळा वाया घालवून झोपेल. सुखुमीची लेनिनग्राडला आणली तर ती जागी राहील आणि हिमात मरेल. हवामान बदलते तेव्हा अगदी हेच घडते, फक्त किड्याला कोणी हलवलेले नसते. थंडी उशिरा येऊ लागते, रात्री मात्र होत्या तेवढ्याच. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठातले विल्यम ब्रॅडशॉ आणि क्रिस्टिना होल्झॅप्फेल हे दांपत्य ‘वायोमिया स्मिथी’ या डासावर काम करत आले आहे. जांभळ्या घटपर्णीच्या पानांत साठलेल्या पाण्यात या डासाच्या अळ्या वाढतात आणि तिथेच हिवाळा काढतात. फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून कॅनडापर्यंत हा डास आढळतो. दोघांनी १९७२ पासून गोळा केलेल्या माहितीची १९९६ मधल्या माहितीशी तुलना करून २००१ मध्ये निष्कर्ष छापला: उत्तरेला ५० अंशांवर उंबरठा सुमारे १५ तास ४७ मिनिटांवरून १५ तास ११ मिनिटांवर आला होता. कॅलेंडरात हा फरक नऊ दिवसांचा. चोवीस वर्षांत डास नऊ दिवस उशिरा झोपू लागला, आणि हा बदल आनुवंशिक होता. तापत्या हवेमुळे एखाद्या जातीच्या जनुकांत बदल झाल्याचे हे पहिल्या पुराव्यांपैकी एक. विशेष म्हणजे बदलली ती उष्णता सोसण्याची ताकद नाही, तर वेळ ओळखण्याची रीत.

टायगर डासाची गोष्ट याहून घाईची. ‘एडिस अल्बोपिक्टस’ हा मूळचा आशियाई डास. उष्ण कटिबंधातल्या त्याच्या वस्त्यांत सुप्तावस्था नाही. जपानसारख्या समशीतोष्ण भागातल्या माद्या मात्र लहान दिवस पाहिले की झोपणारी अंडी घालतात. १९८५ मध्ये तो टेक्सासातल्या ह्यूस्टनच्या परिसरात सापडला. जुन्या टायरांतून आला आणि त्याचे धागेदोरे जपानकडे जात होते. तिथून तो उत्तरेला आणि दक्षिणेला पसरला आणि २०१२ पर्यंत संशोधकांना दिसले की अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण वस्त्यांचे उंबरठे अक्षांशानुसार वेगळे झाले आहेत. डॅनिलेव्हस्कींच्या पतंगाने जे हजारो वर्षांत केले असेल, ते या डासाने पाव शतकात केले. शहरांत आता आणखी एक घोटाळा भर घालतो. क्युलेक्स डासाच्या माद्यांना रात्री मंद कृत्रिम प्रकाश दिला तर त्या झोपायचे टाळतात, असे अमेरिकेतल्या अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे. रस्त्यावरच्या दिव्याखाली शरद नीट येत नाही.

विषुववृत्ताकडे यावे तसे हे पंचांग धूसर होत जाते. लंडनमध्ये सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत जवळपास पावणेनऊ तासांचे अंतर. मुंबईत सव्वादोन तासांचे. नैरोबीत दहा मिनिटेही नाही. तरी नैरोबीच्या मांसमाश्या झोपतात. डेव्हिड डेनलिंगर यांनी १९७० च्या दशकात तिथे पाहिले की कोषांची झोप जुलै-ऑगस्टच्या गार दिवसांत येते आणि तिला कारण होते ते दिनमान नव्हे, तापमान. जिथे सूर्य काही सांगत नाही तिथे किडा दुसऱ्याला विचारतो.

महाराष्ट्र यांच्या मधोमध पडतो, आणि म्हणून इथली गुलाबी बोंडअळी हा खरा अवघड प्रश्न आहे. या अळीची शास्त्रीय ओळख भारतातूनच झाली. १८४३ मध्ये तिचे वर्णन केले गेले ते भडोचहून गेलेल्या नमुन्यांवरून. कापसाच्या बोंडात शिरून ती सरकी खाते, दोन बिया पोखरून एकमेकींना चिकटवते आणि त्या जोडबीत झोपते. टेक्सासात याच अळीवर अ‍ॅडकिसन यांनी काम केले. तिचा उंबरठा १३ तासांचा निघाला; सप्टेंबरच्या सुरुवातीपासून तिथल्या अळ्या झोपेकडे वळतात. तेलकट खाद्य मिळाले तर झोपणाऱ्यांचे प्रमाण वाढते, म्हणजे पक्व होत आलेल्या सरकीतले तेल रात्रीच्या लांबीला साथ देते. यातून उपाय निघाला तो साधा होता: कापूस लवकर पिकवा आणि अळ्या झोपायच्या आत पऱ्हाट्या मोडून गाडा. टेक्सासात विभागवार तारखा ठरवून पऱ्हाट्या नष्ट करणे कायद्याने बंधनकारक झाले. अ‍ॅडकिसन यांना १९९७ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार विभागून मिळाला, आणि २०१८ मध्ये अमेरिकेने व्यावसायिक कापसातून ही अळी संपल्याचे जाहीर केले. अर्थात त्यात बीटी कापूस, वंध्य पतंग आणि गंधसापळे यांचाही वाटा होता.

तोच १३ तासांचा आकडा विदर्भाला लावून चालत नाही. नागपूरचे दिनमान ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच १३ तासांच्या खाली येते. तेव्हा जूनमध्ये पेरलेल्या कापसाला बोंडेही धरलेली नसतात. टेक्सासचा उंबरठा इथे असता तर बोंडात शिरणारी पहिलीच पिढी झोपी गेली असती. प्रत्यक्षात सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत पिढ्यांवर पिढ्या होतात, आणि २०१७ च्या हंगामात त्याचा फटका यवतमाळपासून जळगावपर्यंत बसला. इथली थोडी अळी झोपते, बाकीची बोंडे मिळतील तोवर जागीच राहते. ओलिताखालच्या रानात फरदड ठेवली, म्हणजे वेचणीनंतरही पीक उभेच राखले, की अळीला जानेवारी-फेब्रुवारीतही बोंडे मिळतात. म्हणून सल्ला असा, की डिसेंबरअखेर वेचणी आटोपा, शेळ्या-मेंढ्या रानात सोडा, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, कारण त्यांतल्या किडक्या बोंडांत झोपलेली अळी उन्हाळा काढते आणि मे-जूनच्या पहिल्या पावसाबरोबर पतंग होऊन निघते.

त्या पतंगाला पाते-फुले लागलेला कापूस भेटू नये, एवढ्यासाठी काही हंगामांत राज्य सरकारने १ जूनपूर्वी शेतकऱ्यांना कापूस बियाणे विकायला मनाई केली. पतंग थोडेच दिवस जगतो. अंडी घालायला जागा न मिळाली तर ती पिढी तिथेच संपते. मनाई दुकानदारावर होती, फरदडीवर फक्त सल्ला होता. पाणी असलेल्या शेतकऱ्याला फरदडीची शेवटची वेचणी हातात पैसे देते आणि तिची किंमत पुढच्या हंगामात शेजाऱ्याच्या रानालाही मोजावी लागते, त्यामुळे एकट्याने पऱ्हाट्या मोडून फारसे काही साधत नाही. टेक्सासने तारखा विभागवार ठरवल्या त्या याचसाठी. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशासाठी अशा तारखा ठरवायच्या तर आधी इथल्या अळीचा उंबरठा इथल्याच रात्रींत, इथल्याच सरकीवर मोजावा लागेल.